नऊ मिनिटांसाठी किती पळायचं?

बॉक्सरवरचा सिनेमा असला की त्यात तो पहाटे पळणार, हे ठरलेलंच. १९७६ च्या ‘रॉकी’त सिल्व्हेस्टर स्टॅलन फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या चढून गेला, आणि तेव्हापासून पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक बॉक्सर कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर घाम गाळतोय. ‘तूफान’मधला डोंगरीचा अज्जू पळतो, ‘चंदू चॅम्पियन’मधला मुरलीकांत पळतो. रील्सचं तर विचारूच नका. अंधारा रस्ता, डोक्यावर हुडी आणि मागे ढॅणढॅण संगीत.

आता जरा हिशोब करू. हौशी बॉक्सिंगची लढत तीन फेऱ्यांची. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मधे एकेक मिनिट विश्रांती. म्हणजे नऊ मिनिटं मारामारी, आणि विश्रांती धरून अकरा मिनिटांत खेळ खल्लास. रिंग जेमतेम वीस फूट बाय वीस फूट. इतक्याशा जागेत, इतक्याशा वेळासाठी लढणारा माणूस रोज पहाटे आठ-दहा किलोमीटर का पळतो? त्याला हे कुणी शिकवलं?

हा प्रश्न मला पडायचं कारण माझा तालुका. चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. एका अंगाला तिलारीचा घाट उतरला की कोकण आणि गोवा, दुसऱ्या अंगाला बेळगाव. बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र आहे, त्यामुळे ‘भरती’ हा शब्द आमच्याकडची पोरं शाळेच्या आधीच शिकतात. उजाडायच्या आत रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात, आणि आता पोरीही दिसतात. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो हे ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत, पण तेव्हाही पळणं थांबत नाही. जिमला पैसे लागतात, मॅटला लागतात, ग्लोव्हजना लागतात. रस्ता फुकट आहे.

यातल्याच काही जणांच्या हातात अलीकडे ग्लोव्हज आलेत. आमच्या गावात रिंग नाही. असतात त्या यूट्यूबवरच्या क्लिपा, एखादी लटकवलेली बॅग आणि रस्ता. मी त्यांच्यासोबत सकाळी पळतो, म्हणून त्यांचा नेहमीचा प्रश्न माझ्याकडे येतो: “दादा, बॉक्सरनं रोज किती किलोमीटर पळायचं?” याचं उत्तर शोधत मी मागे मागे गेलो, तर थेट १८११ सालच्या इंग्लंडमध्ये पोचलो.

कॅप्टनसाहेबांची शाळा

त्या काळात इंग्लंडमध्ये बॉक्सिंग उघड्या मुठींनी चालायचं. जॅक ब्रॉटन नावाच्या बॉक्सरनं १७४३ साली त्याचे पहिले नियम लिहिले. त्याच्याशी लढल्यावर एका प्रतिस्पर्ध्याचा जीव गेला आणि त्या धक्क्यातून हे नियम आले, असं सांगितलं जातं. त्या नियमांत फेरीला मिनिटांची मर्यादा नव्हती. एक जण खाली पडला की फेरी संपली. पडलेल्यानं अर्ध्या मिनिटात पुन्हा उभं राहायचं, नाही राहिला तर हरला. अशा किती फेऱ्या? कुणीतरी उठायचं थांबेपर्यंत. आपल्याकडच्या निकाली कुस्तीसारखंच. चितपट होईपर्यंत चालू.

अशा खेळात ठोसा कितीही जड असो, शेवटी जिंकायचा तो दम. हे नीट ओळखलं कॅप्टन रॉबर्ट बार्कले या स्कॉटिश जमीनदारानं. हा माणूस चालण्यासाठी प्रसिद्ध होता. १८०९ साली न्यूमार्केटच्या माळावर त्यानं पैज लावून १००० तासांत १००० मैल चालून दाखवले. तेही प्रत्येक तासाला एक मैल, रात्री-बेरात्रीसुद्धा. म्हणजे सलग जवळपास सहा आठवडे धड झोप नाही.

१८१० च्या डिसेंबरात इंग्लंडचा चॅम्पियन टॉम क्रिब आणि अमेरिकेतून आलेला, एकेकाळी गुलामगिरीत राबलेला कृष्णवर्णीय बॉक्सर टॉम मॉलिनो यांची लढत झाली. तिशीच्या वर फेऱ्या झाल्या आणि क्रिब हरता हरता वाचला. दुसरी लढत ठरली तेव्हा बार्कलेनं क्रिबला स्कॉटलंडला आपल्या घरी नेलं. क्रिबचं वजन तेव्हा १०० किलोच्या वर होतं. बार्कलेनं त्याला डोंगराळ रस्त्यांवरून रोज मैलोन् मैल चालवलं, मधे मधे पळवलं आणि खाण्यापिण्यावर पहारा ठेवला. काही दिवशी अंगावर फ्लॅनेलचे जाड कपडे चढवून चार मैल जोरात पळायचं, मग गरम काढा पिऊन पांघरुणांच्या ढिगाखाली घाम काढत पडायचं, अशी त्याची पद्धत होती. काही आठवड्यांत क्रिब ८५ किलोच्या आसपास आला.

२८ सप्टेंबर १८११ रोजी थिसलटन गॅप इथं लढत झाली. लढतीच्या आधी मॉलिनोनं अख्खी कोंबडी, अॅपल पाय आणि भरपूर बिअर रिचवली होती असं सांगतात. त्याच्याकडे बार्कलेसारखा पैसेवाला गुरू नव्हता, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. वीसेक मिनिटांत, अकराव्या फेरीत, जबडा मोडलेला मॉलिनो हरला. पुढे १८१३ साली वॉल्टर थॉम यानं बार्कलेची पद्धत पुस्तकात छापली आणि ती बॉक्सिंगवाल्यांचा धर्मग्रंथ होऊन बसली.

म्हणजे बॉक्सरला रस्त्यावर आणणारा माणूस मुळात पैजेवर चालणारा होता, आणि त्यानं पद्धत घडवली ती वेळेची मर्यादा नसलेल्या लढतीसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग घड्याळ आलं

१८६७ साली क्वीन्सबेरी नियम आले. त्यांना नाव मार्क्विसचं, पण लिहिले ते जॉन ग्रॅहम चेंबर्स या खेळाडूनं. हाही गडी चालण्याच्या शर्यतींतला आणि वल्ही मारण्यातला. त्यानं ग्लोव्हज आणले, फेरी तीन मिनिटांची केली आणि मधे एक मिनिट विश्रांती दिली. आज चंदगडच्या पोराच्या मोबाईलवर जो बॉक्सिंग टायमर वाजतो, तो हाच.

पण नियम आले म्हणून खेळ लगेच बदलला नाही. १८८९ च्या जुलैत मिसिसिपीच्या उन्हात जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले, सव्वादोन तास. दारूत बुडालेल्या सलिव्हनला त्या लढतीसाठी उभं केलं ते विल्यम मल्डून या पैलवानानं. त्यानं आपल्या शेतावर नेऊन सलिव्हनला लाकडं फोडायला लावली, शेतात राबवलं, लांबच लांब चालवलं. कुस्तीच्या तालमीतला वस्ताद बॉक्सरला दम शिकवतोय, हे कोल्हापूरकराला अजिबात नवल वाटणार नाही. आणि १८९३ साली न्यू ऑर्लिन्समध्ये ग्लोव्हज घालून, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी, अँडी बोवेन आणि जॅक बर्क ११० फेऱ्या लढले. सात तास एकोणीस मिनिटं. शेवटी दोघांनाही उभं राहवेना.

हळूहळू फेऱ्यांवर मर्यादा आली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मोठ्या किताबाची लढत १५ फेऱ्यांची झाली. मोहम्मद अली पहाटे जड बूट घालून पळायचा तो या १५ फेऱ्यांसाठी. १९८२ च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा किम दुक-कू १४ व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर १५ च्या १२ फेऱ्या झाल्या. हौशी बॉक्सिंग तर आधीपासूनच छोटं होतं. मधे काही वर्षं दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या, २००० साली सिडनीत तशाच होत्या, आणि २००९ पासून पुन्हा तीन-तीनच्या तीन आल्या.

सात तासांचा खेळ नऊ मिनिटांवर आला. बार्कलेची पहाटेची धाव मात्र जशीच्या तशी राहिली.

हेलसिंकीतले दोघे

कोल्हापूरकडे येऊ. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं, तालमींना आश्रय दिला, आणि कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली. तालमीतला दम कसा कमावला जायचा? जोर, बैठका, फावड्यानं हौदा उकरणं, दोरी चढणं, आणि मग लढंत. जोडीदार बदलत बदलत तास-तास. तिथंही घड्याळाचा संबंध नव्हता.

याच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्याबद्दलच्या लेखनात एक गोष्ट हमखास येते. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानाविरुद्ध मॅटवर बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण दाद मागायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता. दमलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, सोव्हिएत पैलवानाला रौप्य.

दम म्हणजे फक्त किती वेळ टिकलात ते नाही. पहिल्या दमछाकीतून तुम्ही किती लवकर सावरता, हा त्याचा अर्धा भाग. खाशाबांकडे तोही होता, पण सावरायला लागणारी मिनिटंच त्यांना दिली गेली नाहीत.

गंमत म्हणजे याच सावरण्याचं शास्त्र त्याच दिवसांत, त्याच शहरात, जगासमोर पळत होतं. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हेलसिंकीत आठवडाभरात ५०००, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं जिंकला. त्याची तयारी म्हणजे ४०० मीटर जोरात, मग थोडं सावकाश, पुन्हा ४०० जोरात, असं वीस, चाळीस, कधी त्याहूनही जास्त वेळा. सैन्यात असल्यामुळे तो अनेकदा लष्करी बूट घालूनच पळायचा. हे ‘इंटरव्हल’ त्याच्या आधी जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि डॉक्टर रायंडेल यांनी पद्धतशीर बसवलं होतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विक्रम केला होता.

आता क्वीन्सबेरीचा नियम पुन्हा वाचा. तीन मिनिटं जोर, एक मिनिट दम घ्यायचा, पुन्हा तीन मिनिटं. बॉक्सिंगची लढत स्वतःच एक इंटरव्हल आहे. धावपटूंनी १९३० च्या दशकात जे शोधून काढलं, ते बॉक्सरच्या घड्याळात १८६७ पासून टिकटिक करत होतं.

पलटणीची धाव

मग आपल्याकडचा बॉक्सर एकाच चालीनं लांब पळायला कुठून शिकला? माझं उत्तर आहे: पलटणीतून.

हौशी बॉक्सिंगची पहिली भारतीय संघटना १९२५ साली मुंबईत स्थापन झाली, पण खेड्यातल्या मराठी पोराला बॉक्सिंग भेटलं ते प्रामुख्यानं लष्करात. ब्रिटिश सैन्यात बॉक्सिंग हा करमणुकीपेक्षा मोठा विषय होता. पहिल्या महायुद्धात तर संगिनीच्या लढाईला उपयोगी म्हणून ते शिकवलं गेलं. पुढे ब्रिटनचा हेवीवेट चॅम्पियन झालेला बॉम्बार्डियर बिली वेल्स आधी हिंदुस्थानातल्या तोफखान्यात होता आणि त्याचं नाव इथल्याच लष्करी स्पर्धांतून वर आलं. सैन्यातला बॉक्सर आधी सैनिक असतो. सैनिकाला पाठीवर ओझं घेऊन मैलभर जायचं असतं. त्यामुळे सकाळची धाव सगळ्यांना सारखीच, मग तो स्वयंपाकी असो की बॉक्सर.

या वाटेनं गेलेलं आपल्याकडचं सर्वांत मोठं नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा पोरगा सैन्याच्या ईएमईमध्ये गेला आणि तिथं बॉक्सर झाला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरलेल्या पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. नऊ मिनिटांच्या खेळासाठी कमावलेली छाती, ३७ सेकंदांच्या खेळासाठी नव्यानं घडवावी लागली. खेळ बदलला, घड्याळ बदललं, तसा त्यांनी सरावही बदलला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तर मग किती?

इतकं वाचून कुणी म्हणेल, लांब पळणं जुनाट, बंद करा. तसं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी बॉक्सरांच्या दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या मोजल्या, तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेतला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेचा निघाला. ठोशांची सरबत्ती काही सेकंदांची असते आणि ती स्नायूत साठवलेल्या इंधनावर होते. पण रिकामी झालेली ती टाकी पुन्हा भरायची तर ऑक्सिजन लागतो. सावकाश, गप्पा मारता येतील अशा चालीनं केलेली लांब धाव टाकी भरणारा हा पंप मोठा करते. बार्कलेला शास्त्र माहीत नव्हतं, पण तो पूर्ण चुकलाही नव्हता.

फक्त पंप मोठा करून मात्र भागत नाही. १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी दोन गट सहा आठवडे तपासले. एक गट मध्यम जोरानं तासभर सराव करायचा. दुसरा वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. पहिल्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढली, पण अचानक जोर लावायची ताकद होती तिथंच राहिली. दुसऱ्या गटात दोन्ही वाढलं.

आमच्या रस्त्यावरची अडचण इथंच आहे. भरतीचं घड्याळ वेगळं. सैन्याच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळालं की पूर्ण ६० गुण, म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक फेरा साधारण ८२ सेकंदांत. बॉक्सिंगचं घड्याळ वेगळं. पण पोरं दोन्हींसाठी रोज तेच पळतात: पाच-सहा किलोमीटर, ना सावकाश ना जोरात, रोज एकाच चालीनं, डांबरावर. त्यात पंपही धड वाढत नाही आणि जोरही.

म्हणून माझं उत्तर असं. आठवड्यातले दोन दिवस लांब आणि सावकाश, सोबत्याशी बोलता येईल इतपत. दोन दिवस टायमर लावून: तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालत, सुरुवातीला तीन फेऱ्या, काही महिन्यांत सहा. एक दिवस चढाचे छोटे स्प्रिंट, त्याची आमच्याकडे कमी नाही. बाकी दोरीउड्या, आणि एक दिवस चक्क झोप. शक्य तिथं डांबर सोडून मातीची वाट.

घाम आणि दम

बार्कलेची एक गोष्ट मात्र खरंच पुरून टाकायला हवी. ती म्हणजे फ्लॅनेल. आज त्याच्या जागी प्लास्टिकचा सॉना सूट आलाय, किंवा उन्हात दोन जॅकेटं घालून पळणं. त्यानं वजन उतरतं, पण उतरतं ते पाणी. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजातले तीन पैलवान असं वजन उतरवताना जवळपास महिन्याभरात मेले. घाम म्हणजे दम नव्हे.

आणि २०१४ चा जून आठवा. मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या चाचणीत धावताना कोसळून किमान चार उमेदवार गेले. दमट उकाडा, लांबचा प्रवास, उपाशी पोट, आणि यावेळी नाही झालं तर पुन्हा कधी, ही भीती. त्यानंतर धावण्याचं अंतर कमी करण्यात आलं. आज पोलीस भरतीला पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर आहे.

ब्रॉटनचे नियम, बाराव्या फेरीवर थांबलेली किताबाची लढत, कमी झालेले किलोमीटर. या तिन्हींच्या मागे कुणी ना कुणी गेल्याची गोष्ट आहे. घड्याळ बदलायला माणूस मरावा लागतो, असाच आतापर्यंतचा इतिहास आहे. सराव बदलायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही, पैशांचीही नाही.

तेव्हा पहाटे तुमच्या शेजारून एखादा पोरगा किंवा पोरगी पळत गेली, तर किती किलोमीटर झाले म्हणून विचारू नका. कुठल्या घड्याळासाठी पळतेस, हे विचारा.